एप्रनच्या खिशातली कुपी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला मी मूळव्याधीपासून मतदानापर्यंत सगळं सांगतो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही – एवढंच कारण असावं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही उंदरांवर एक लस तपासत होतो. लस लागू पडली की उंदराच्या प्लीहेतल्या काही पेशी इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडतात. त्या नेमक्या कोणत्या, ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून अँटिबॉडी वापरायची. ती तेवढंच द्रव्य पकडून ठेवते, आणि रंग घातला की पांढऱ्या प्लेटवर निळा ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी. अँटिबॉडी परदेशातून यायची, बोटाएवढ्या कुपीत; कायम फ्रीजमध्ये ठेवायची, तापली की वाया. देशाची दारं नुकतीच उघडली होती. पूर्वी परवाना येईपर्यंत उंदीर म्हातारे व्हायचे.

उंदीर मारणं, प्लीहा काढणं, पेशी सुट्या करणं हे लोखंडेबाई करत. धायरीहून दोन बस बदलून यायच्या. सहा वर्षं हंगामी, दर सहा महिन्यांनी नवं पत्र. त्या जूनमध्ये त्यांना कायम करणार होते. उंदीर हातात घेतला की त्या जरा थांबत. का, म्हणून एकदा विचारलं. “काही नाही सर, त्याची धडधड कमी होऊ देते.”

मे महिन्यात कोणी बडे पाहुणे आले. शाल, श्रीफळ, तीन भाषणं. अशा समारंभांची टिंगल करण्याबद्दल मी प्रसिद्ध होतो. पण फोटोग्राफर म्हणाला, “हातात काहीतरी धरा” – तेव्हा फ्रीजमधून अँटिबॉडीची कुपी कोणी काढली? मीच. छातीशी धरली, हनुवटी किंचित वर. मग कुपी एप्रनच्या खिशात, एप्रन स्कूटरच्या डिकीत, आणि मी पाहुण्यांबरोबर कोथरूडला जेवायला. स्कूटर तीन तास उन्हात. परत येऊन हात घातला तर कुपीचा चटका बसला. मी ती रुमालाने पुसली – का पुसली? – आणि गुपचूप फ्रीजमध्ये ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी बारा उंदीर मारले. प्लेट तयार झाली. एकही ठिपका नाही. शहाण्णव खळगे, सगळे पांढरेफटक.

बाईंनी प्लेट उजेडाकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग सगळ्यांसमोर, हळूच: “सर, अँटिबॉडी एकदा तपासून बघायची का?”

कळतंय ना तुम्हाला? त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. आणि मी काय म्हणालो? “लिहितो ना कंपनीला – आमच्या लोखंडेबाईंना आपल्या मालाबद्दल शंका आहे म्हणून.” सगळे हसले. त्याही हसल्या, थोड्या उशिरा. मी पुण्यात वाढलोय. माणसाला गप्प करायला मला आवाज चढवावा लागत नाही.

कुपीत उरलेलं मी बेसिनमध्ये ओतलं. वहीत लिहिलं – पेशी हाताळताना मेल्या असाव्यात. ‘असाव्यात’. तेवढा शास्त्रीय सावधपणा मी पाळला. मग नवी कुपी आली, नवे बारा उंदीर, दुसऱ्या कुणाचे तरी हात – आणि प्लेटभर ठिपके. झालं, सिद्धच झालं. जूनमध्ये बाईंना कायमचं पत्र मिळालं नाही. हंगामीही नाही. संचालकांची खोली माझ्या खोलीपासून अकरा पावलांवर होती. मी ती मोजली आहेत. चाललो मात्र नाही.

अजूनही दंतवैद्याच्या खुर्चीत आडवा झालो की मी पांढऱ्या छतावर ठिपके शोधतो.

चार-पाच वर्षांनी बिबवेवाडीत मुलीसाठी कॉम्प्युटरच्या क्लासची चौकशी करायला गेलो. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. काउंटरवर लोखंडेबाई. मला पाहून उठून उभ्या राहिल्या, चहा मागवला. मुलीचं विचारलं. मग म्हणाल्या, “सर, ते अजून डोक्यातून जात नाही. बर्फ कमी पडला असेल का माझ्याकडून? की पेशी फार जोरात ढवळल्या मी? बारा जीव फुकट गेले माझ्या हातून.”

तिथे दुसरं कोणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. त्याने माझं काय गेलं असतं?

मी म्हणालो, “जाऊ द्या हो बाई. होतात चुका. मी तर केव्हाच विसरलो.”

मी त्यांना माफ केलं. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी माझे आभार मानले.