ऐकू येणारी रेती

माझा मुलगा समुद्रात रेती काढायचं काम करतो, असं मी आमच्या गल्लीतल्या एका बाईला सांगून बसले आणि तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवशी चक्कीवर दळण घेऊन उभी होते, तर चक्कीवाला पट्टा लावता लावता म्हणतो, "काकू, पोरगं इतकं शिकलं अन् रेतीच काढून राह्यलं? मंग आपली नदी काय वाईट होती? इथंच ट्रॅक्टर घेऊन देल्ला असता, घरचं जेवण तरी भेटलं असतं त्याले!"

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, काय करता. पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलंच होतं. आता चक्कीवर उभं राहून कुणाकुणाला समजावून सांगावं? तुम्हाला सांगते. तुम्ही निदान मधेच हसून मला तोडणार नाही.

समुद्राच्या तळाखाली तेलाच्या विहिरी असतात. वर पाण्यात लोखंडी पाय रोवून एक भलंमोठं मचाण उभं केलेलं असतं. वावरात डुकरं हाकायला आपण बांधतो तसंच, फक्त त्याच्यावर अख्खं गाव बसेल एवढं. माझा मुलगा तिथे असतो. हेलिकॉप्टरने जातो, काही आठवडे राहतो, मग सुट्टीवर येतो. आणि विहिरीतून जे वर येतं ते निव्वळ तेल नसतं. तेल, पाणी, वायू आणि त्याच्याबरोबर खालची रेती, सगळं एकात एक घुसळून येतं. त्यातली रेती बाजूला काढायची, हे त्याचं काम.

कसं काढता रे बाबा, असं मी त्याला विचारलं होतं, तेव्हा मी ओट्यापाशी तांदूळ रोळत होते. पातेल्यात पाणी घालून गोल गोल फिरवायचं, तांदूळ पाण्यावर उचलून दुसऱ्या भांड्यात सोडायचे, खडे खाली राहतात. तो पाहत होता. म्हणाला, "माय, तू हे जे करून राह्यली ना, तेच आमी करतो."

"मंग तुले पगार काह्याचा देते?" मी म्हटलं.

हसला. मग त्याने बोटाने हवेत काढून दाखवलं. पोलादाचं एक मोठं नरसाळं असतं. त्यात ते सगळं मिश्रण बाजूने जोरात सोडतात, म्हणजे ते आतल्या आत गरगर फिरतं. रेती जड, ती कडेला फेकली जाते आणि भिंतीने घसरत खालच्या टाकीत पडते. तेल-पाणी मधून वर निघून जातं. खालची रेती तेलकट असते, ती धुतल्याशिवाय समुद्रात टाकता येत नाही. आणि रेती काढलीच नाही तर? "वळणावरचे पाइप आतून घासते माय. लोखंड असून कागदावानी पातळ होते. एक दिवस फुटते." म्हणून पाइपाला बाहेरून एक यंत्र चिकटवलेलं असतं, ते आतली रेती ऐकतं. रेती वाढली की त्याला तिचा आवाज कळतो.

ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. पाइपाला कान लावायचा.

कारण आमच्याही घरी रेतीच होती. आमचं वावर देवळी गावाच्या पुढे, नदीच्या अंगाला. इथे खडक लवकर लागत नाही, पिवळी रेती लागते. त्याच रेतीत आमचा बोर. त्यावर ठिबक, आणि ठिबकवर हळद. हळदीच्या नळ्यांची छिद्रं किती बारीक असतात ते ज्याने पिनेने उकरली असतील त्यालाच ठाऊक. दसऱ्याच्या सुमारास पाण्याबरोबर रेती यायला लागली. आधी चिमूटभर, मग मूठभर. गाळणीची जाळी मी सकाळी धुवायची, तर दुपारी पुन्हा भरलेली. शेवटच्या ओळींत पाणी पोचेना. हळदीची पानं कडेनं पिवळी पडायला लागली.

मी आमच्या ह्यांना म्हटलं, "अजी, देवळीले जा अन् रेती काढाचं ते नरसाळं घेऊन या. ठिबकवाल्याच्या दुकानात भेटते म्हणते."

"अवं, आपला पोरगा त्याच कामातला," हे म्हणाले. "समुद्राची रेती काढते तो. अन् आपून दुकानातून आणाचं? लोक काय म्हणतीन? दिवाळीले येऊनच राह्यला. पाहून घेईन तो."

आता याला काय म्हणावं! डॉक्टरचा बाप तापाने फणफणला तर मुलगा येईपर्यंत गोळी खात नाही, तसं झालं. पण ह्यांच्या डोक्यात एकदा बसलं की बसलं. मुलानेही फोनवर सांगितलं, येतो, बसवून देतो. झालं. आमची सगळी हळद एका सुट्टीवर टांगली.

आणि दिवाळीला तो आलाच नाही.

मी करंज्या तळत होते तेव्हा फोन आला. "माय, नाई जमत. एका विहिरीनं रेती फेकाले सुरुवात केली. नरसाळ्याखालची टाकी भरून राह्यली सारखी, एक वळण पातळ झालं, ते बदलाले लागते. माह्या जागी येणारा बी नाई आला."

मी म्हटलं, "तिथची रेती मोठी का घरची?"

मला माहीत होतं, त्याचा काही इलाज नाही. पण रागाला हे कळत नाही. झारा हातात होता, तेल तापत होतं, आणि मी त्याला बोलत सुटले. तुझा बाप तुझी वाट पाहून राह्यला, हळद पिवळी पडून राह्यली, अन् तू आपला समुद्र साफ करून राह्यला. शेवटी तोच म्हणाला, "माय, आमची विहीर काऊन बिघडली ते तरी आइक."

ऐकलं. विहीर काही दिवस बंद होती. मग वरून हुकूम आला की लवकर सुरू करा, बुडालेलं भरून काढा. ती हळूहळू उघडायची असते, व्हॉल्व्हची चकती उलशी उलशी, थोडी थोडी फिरवत, म्हणजे खालच्या रेतीला झटका बसत नाही. तिथल्या लोकांनी घाईने उघडली. एकदम ओढ बसली, आणि जी रेती इतकी वर्षं दाबून बसली होती ती सुटली. एकदा सुटली की लवकर थांबत नाही.

करंजी करपली. मी कढईकडे पाहतच राहिले. कारण आमच्या बोरवर काय चाललं होतं?

ऑटो स्विच.

खेड्यातल्या माणसाला सांगायला नको, पण शहरातल्यांसाठी सांगते. शेतातली लाईन, म्हणजे वीज, आपल्या मनाची येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्यातही मधेच जाते, मधेच येते. दर वेळी स्टार्टरपाशी कोण बसून राहील? म्हणून सगळ्यांनी ऑटो लावून ठेवलेला. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. व्हॉल्व्ह कायम पूर्ण उघडा, कारण लाईन आहे तोवर जेवढं पाणी ओढता येईल तेवढं ओढायचं. लाईन एका दिवसात कितीदा तरी ये-जा करायची, म्हणजे तितके झटके आमच्या बोरला बसायचे, भर जोराने. समुद्रावर त्यांनी एकदा केलं ते आम्ही रोज करत होतो आणि वरून म्हणत होतो, रेती काऊन येते बुवा!

मी तशीच वावरात गेले. मोटर चालू होती. वाकून लोखंडी पाइपाला कान लावला. ह्यांनी पाहिलं आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरूनच, ओरडले, "अवं, काय झालं? फोन हाय का तो?"

"या इकडं. आइका."

"मले काई आइकू येत नाई."

"तुमाले घरात बी आइकू येत नाई. कान लावा म्हनलं ना!"

लावला त्यांनी. आत खरखर चालली होती, जशी सुपात ज्वारी पाखडावी. मी व्हॉल्व्ह फिरवत फिरवत निम्म्याच्या खाली आणला. खरखर कमी झाली, मग फक्त पाण्याचा आवाज राहिला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, "पाह्यलं?"

"पाह्यलं," हे म्हणाले. "पाणी बी निम्मं झालं." आणि व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडून निघून गेले.

तिथून आमची जी जुंपली ती जुंपली. मी व्हॉल्व्ह कमी करायची, हे मोठा करायचे. मी ऑटो बंद करून यायची, हे चपला शोधत जायचे आणि चालू करून यायचे. शेजारच्या वावरातला कास्तकार ह्यांना विचारायचा, "काय बुवा, आज कोनाची सत्ता हाय?" मला वाटायचं, बाई, ह्या वयात तू नळाच्या चकतीवरून नवऱ्याशी भांडतेस, लाज नाही का. मग पिवळी पानं पाहिली की लाज जायची.

मी ह्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, पोरगाच सांगते, समुद्रात असंच झालं. तर म्हणायचे, "तो तेलाचं सांगते. आपलं पाणी हाय." म्हणजे नरसाळ्यासाठी थांबायचं तेव्हा तेल आणि पाणी एक, आणि बायकोचं ऐकायचं तेव्हा वेगळं!

थंडी पडल्यावर मुलगा आला. चेहरा काळवंडलेला, खाऱ्या वाऱ्याने ओठ फुटलेले. मी त्याच्यावर काय काय ओरडायचं ठरवून ठेवलं होतं, पण त्याला पाहून आधी भाकर टाकली. जेवला, आणि देवळीला जाऊन ठिबकवाल्याच्या दुकानातून प्लॅस्टिकचं नरसाळं घेऊन आला. हो, त्याच दुकानातून. जे दसऱ्याला मिळत होतं ते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे गाईला पाणी दाखवायला निघून गेले.

नरसाळं बसवलं. खालच्या डब्यात रेती पडायला लागली, पाणी नितळ पुढे गेलं. आम्ही तिघं पाहत उभे होतो. मग मुलाने मोटर बंद केली आणि सुतळीला दगड बांधून बोरात सोडला. बोर किती खोल आहे ते ह्यांना पाठ होतं. सुतळी मधेच सैल पडली. त्याने पुन्हा सोडली. पुन्हा तिथंच.

"रेती वर आली," तो म्हणाला. "आतली मोटर रेतीत बसली, बाबा."

मोटर वर काढायला चेन-कप्पीवाले बोलावले. तिपाई उभी केली, साखळी ताणली. तिपाईचे पाय जमिनीत रुतले, साखळी कुरकुरली, पाइप तसूभर हलेना. ह्यांनी "आणखी वढा, आणखी वढा" लावलं होतं. मुलाने हात वर केला. "थांबा. पाइप तुटला तर मोटर आत, अन् बोर गेला. चालते तोवर चालू द्या. पण ऑटो काढा. व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर लावाची, मंग उलसा उलसा खोलाचा. निम्म्याच्या वर कदीच नाई."

"बराबर हाय," हे म्हणाले. "तुले कळते त्यातलं."

बराबर हाय! कप्पीवाले उभे होते म्हणून, नाहीतर मी तिथेच बोलले असते. दिवाळीपासून मी हेच सांगून राह्यली होती, ह्याच तोंडाने. मुलगा माझ्याकडे पाहून हसला, तर मी त्यालाही म्हटलं, "तू नको हसू. तू अगुदर आला असता तर मोटर नसती बसली." त्याचं हसू गेलं. मला वाईट वाटलं. पण खोटं थोडंच होतं?

जाताना बॅग उचलून तो म्हणाला, "माय, पुढच्या सुट्टीत पाहतो, काई करता आलं तर."

"येजो," मी म्हटलं. आणखी काय म्हणणार. तिथे त्याचं नरसाळं, इथे माझं.

हळदीच्या वरच्या ओळी वाचल्या. नदीकडच्या गेल्या. तिथे आता नुसत्या नळ्या पडल्या आहेत, छिद्रांत रेती घट्ट बसलेली. बोर चालतो आहे, पण आजारी माणसासारखा, निम्म्या श्वासाने. लाईन आली की कुणीतरी पळत जायचं, व्हॉल्व्ह मिटलेला आहे ना पाहायचं, मोटर लावायची, चकती फिरवत बसायचं. रात्रीच्या पाळीला तर आम्ही पाणीच देत नाही. नरसाळ्याखालचा डबा मी रिकामा करते. आमची रेती तेलकट नसते, एवढंच सुख. धुऱ्यावर ढीग झाला आहे. चक्कीवाला परवा जाता जाता म्हणाला, "काकू, आता तर तुमी बी रेती काढाले लागल्या!" मी म्हटलं, "हो, घेऊन जा ट्रॅक्टर."

हे मी वावरातल्या निंबाखाली बसून लिहिते आहे. आत्ताच लाईन आली. आमचे हे माझ्याआधी उठून स्टार्टरपाशी गेले. मोटर लागली. चकती फिरल्याचं इथून दिसलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हात जरा जास्तच फिरला. आता पाइपाला कान लावायचीही गरज राहिली नाही, मला इथूनच कळतं.

"अजी! उलसं म्हनलं तं उलसं! कमी करा तो!"

ऐकलं नाही. उठावंच लागेल.