चालू घडामोडी आणि बिलोलीचे टेलर

लातूरला एका क्लासमध्ये मी चालू घडामोडी शिकवतो. तलाठी, पोलीस भरती, राज्यसेवा अशा परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी दर डिसेंबरात एक पुस्तिका काढतो. वर्षभरात देशात काय काय झालं, कोणता पुरस्कार कुणाला मिळाला, आणि शेवटी दोन पानं निधनाची. गेलेल्याचं नाव, क्षेत्र, मोठा सन्मान. एकेका माणसाला एक ओळ.

साथ आली आणि क्लासला कुलूप लागलं. मुलं आपापल्या गावी गेली. मी तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून घरूनच शिकवायला लागलो. मुलांची तोंडं दिसायची नाहीत, नुसते आवाज. त्यात नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीची एक मुलगी होती. घरात रेंज नसल्यामुळं ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायची. तिच्या आवाजामागून शिलाई मशीन ऐकू यायचं. तिचे अब्बा टेलर होते, आजोबाही टेलरच. उन्हाळाभर शाळेचे गणवेश शिवायचं त्यांचं काम. शाळाच बंद झाल्यावर उरलेल्या निळ्या कापडाचे मास्क शिवून ते गल्लीत वाटत होते.

एकदा वर्ग संपल्यावर त्यांनी लेकीकडून फोन मागून घेतला. म्हणाले, "सर, पोरगी लई अभ्यास करून राहिली. आमच्यात नोकरीत कुणीच न्हाई. तेवढं लक्ष असू द्या." मी हो म्हणालो. मग त्यांनी माझ्या शर्टाचं माप विचारलं. मला ते सांगता येईना, तर हसून म्हणाले की गाड्या सुरू झाल्यावर स्वतः येऊन घेतो.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सगळं फार बिघडलं. आमच्या गल्लीत रोज कुठल्या तरी घरातून रडणं ऐकू यायचं आणि शेजारी खिडकीतूनच बघायचे. मी मात्र वर्ग चालू ठेवले होते, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. एका सकाळी मी मागच्या वर्षीची उजळणी घेत होतो. टाळेबंदी, पायी घरी निघालेले मजूर, मग निधनाची यादी. तेव्हा त्या मुलीनं विचारलं की साथीत एकूण किती माणसं गेली, हे परीक्षेत येतं का. मी म्हणालो, "आकडा रोज बदलतोय. तो लिहून घेऊ नका."

त्यानंतर चार दिवस ती वर्गाला आली नाही. पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. अब्बांना धाप लागली होती. नांदेडला आणलं होतं, पण दोन ठिकाणी दारातूनच परत पाठवलं होतं. मामाच्या जीपमध्ये मागच्या सीटवर ते आडवे होते, सोबत कुठून तरी मिळवलेला एक सिलिंडर होता.

ती म्हणाली, "सर, लातुरात आमच्या ओळखीचे तुम्हीच."

मी त्यांना निघा म्हणालो. कशाच्या भरवशावर म्हणालो, ते आजही सांगता येत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर, म्हणजे तीन तासांचा तरी रस्ता. तेवढ्या वेळात आपण एक खाट मिळवू, असं मला वाटलं.

स्कूटर घेऊन फिरलो. ज्यांच्या मुलांना शिकवलं होतं त्या डॉक्टरांना फोन लावले. काहींनी उचलले नाहीत, ज्यांनी उचलले त्यांचा आवाजच बसला होता. शेवटी एका दवाखान्याच्या दारात माझाच जुना विद्यार्थी भेटला. डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये होता. त्यानं मला ओळखलं, मी त्याला आवाजावरून ओळखलं.

"सर, खोटं कशाला बोलू? आत माणसं खुर्चीवर बसवून ऑक्सिजन द्यायलोत."

मी म्हणालो, एक माणूस नांदेडहून निघालाय, वाटेत आहे. त्यानं वळून आत बघितलं. मग म्हणाला, "थांबा इथंच. दुपारपर्यंत जागा होईल. कशी होईल ते विचारू नका."

मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मुलीचे मेसेज येत होते. अहमदपूर गेलं, चाकूर आलं, सिलिंडरचा काटा खाली आला. मी बघत होतो ते दवाखान्याचं दार. तिथं कुणाचं तरी माणूस आत होतं आणि मी त्याची खाट मोकळी होण्याची वाट बघत होतो. हे मनात आलं तेव्हा मी तिथून उठायला हवं होतं, असं नंतर कितीदा वाटलं. उठलो नाही. दीडच्या सुमाराला आतून एक बाई रडत बाहेर आली, आणि माझ्या विद्यार्थ्यानं मला हातानं खूण केली.

जीप आली तेव्हा टेलर शुद्धीवर होते. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण मी कोण हे त्यांना कळलं नसावं. मी तोंड बांधलेलं होतं, आणि आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच पाहत होतो. मुलीलाही मी पहिल्यांदाच पाहिलं. आवाजावरून वाटली होती त्याहून लहान होती.

रात्री कुठं राहायचं, असं तिनं विचारलं नाही. मीच तिला आणि मामाला घराकडं घेऊन गेलो. घरी माझी दम्याची आई होती. बायको दारात आली, तिनं माझ्याकडं बघितलं आणि आत वळली. तिनं गेटबाहेर चटई, पाण्याचा जार आणि दोन ताटं आणून ठेवली. मामा-भाची फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली जेवले. रात्री दोघं जीपमध्येच झोपले. मी त्यांना आत या म्हणालो नाही. माझी आई त्या साथीतून वाचली. मी केलं ते चूक होतं की बरोबर, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेलर गेले. बिलोलीला नेऊ देणार नव्हते. इथल्याच कब्रस्तानात, चार अनोळखी माणसांनी प्लास्टिकचे कपडे घालून त्यांना माती दिली. मामाला लांब उभं केलं होतं, मी बाहेर रस्त्यावर होतो. मुलगी जीपमध्ये बसून होती. जाताना तिनं मला सलाम केला. मी म्हणालो, "अभ्यास सोडू नकोस." इतकं निरर्थक वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नसेन.

डिसेंबरात पुस्तिका काढली. निधनाची दोन पानं त्या वर्षी साडेतीन झाली, तरी बरीच नावं गाळावी लागली.

दोन वर्षांनी एका लग्नासाठी नायगावला गेलो होतो, तिथून बिलोलीला गेलो. मुलीचं लग्न देगलूरला झालं होतं. परीक्षा तिनं दिलीच नव्हती. तिच्या आईनं चहा केला. मशीन झाकून ठेवलेलं होतं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सर, कबर कुण्या बाजूला हाय? जवळ काही झाड हाय का?"

मला माहीत नव्हतं. बघून सांगतो म्हणालो.

लातूरला आल्यावर कब्रस्तानात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला तारीख सांगितली. त्यानं वही काढली, नाव सापडलं, पण जागा लिहिलेली नव्हती. त्या दिवसांत लिहायला वेळ कुठं होता, असं तो म्हणाला. मग भिंतीकडच्या दोन लांब रांगा दाखवल्या. ह्यातलीच एक.

संध्याकाळी मुलीच्या आईला फोन लावला. वाटलं होतं, कुठलंही एक झाड सांगून मोकळं व्हावं. पण तोंडून खरंच निघालं. रांगा किती आहेत, ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मंग दोन्ही रांगांवर फातिहा पढू. दुवा तर सगळ्यांनाच लागतीय."

लातूरला येते म्हणाल्या होत्या. गुडघे दुखतात, एसटी दोनदा बदलावी लागते. अजून आल्या नाहीत.