रमेशशेठच्या दुकानातली आम्ही तीन गिऱ्हाइकं

माणसं तिकिटं जमवतात, जुनी नाणी जमवतात. आम्ही तिघांनी दुकानदार जमवलेत! ठरवून नाही हो. आम्ही जात होतो डिंक, पातळ लाकूड, बोटभर मोटार असलं काहीबाही आणायला. ते काही मिळालं नाही. दरवेळी हात हलवत परत आलो आणि येताना एकेक किस्सा घेऊन आलो. आता घरात अर्धवट मॉडेलं जास्त की किस्से जास्त, ते सांगता यायचं नाही.

तिघं म्हणजे मी, भोये गुरुजी आणि विलास. मी जव्हारला एका सरकारी कचेरीत कारकून. मी जहाजं करतो. लाकडाची, पुठ्ठ्याची, हातभर लांब, शिडं-दोऱ्यांसकट. समुद्र इथून दोन-अडीच तासांवर, पण करतो. भोये गुरुजी दाभोशाकडच्या एका शाळेवर आहेत. घर त्यांचं विक्रमगडकडं. ते विमानं करतात, उडणारी. निदान उडावीत अशी त्यांची इच्छा असते. आणि विलास खोडाळ्याचा. दिवसभर जव्हार-खोडाळा जीप चालवतो आणि घरी जाऊन परत जीपच करतो, छोटी.

आमच्या या नादाला अख्ख्या जव्हार-मोखाड्यात दुकान एकच, रमेशशेठचं. पाटीवर लिहिलंय, 'स्टेशनरी, गिफ्ट, हॉबी'. स्टेशनरी आहे. गिफ्टही आहे, लाइट लागणारा ताजमहाल वगैरे. हॉबीचं विचारलं तर रमेशशेठ म्हणतात, "पाटीवर जागा उरली होती, पेंटरनं लिहून टाकलं."

*

विमानाला हलकं लाकूड लागतं, बाल्सा म्हणतात त्याला. गुरुजींनी रमेशशेठना नीट समजावून सांगितलं. कागदावर नाव लिहून दिलं. "अगदी हलकं असतं शेठ, फुंकर मारली तर हलेल असं." रमेशशेठनी कागद गल्ल्यात ठेवला. "मागवतो."

तीन आठवड्यांनी निरोप आला, माल आलाय. गुरुजी शाळा सुटल्यावर निघाले. जीपमध्ये जागा नव्हती म्हणून मागच्या पायरीवर लटकून आले. रमेशशेठनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला माल पुढे केला. गुरुजींनी सोडला. आत प्लायवूडचा वीतभर तुकडा.

"शेठ, हे प्लायवूड आहे."

"हो."

"मी हलकं लाकूड सांगितलं होतं."

"म्हणून तर लहान कापलं!"

*

मला जहाजाला करडा रंग हवा होता. रमेशशेठ म्हणाले, "करडा कशाला वेगळा? पांढरा घ्या, काळा घ्या, घरी मिसळा." पटलं. घरी येऊन काळ्याची बाटली उघडली तर आत दगड. पेचकस घालून पाहिला, वाकला.

परत घेऊन गेलो. "शेठ, कधीचा रंग हा?"

त्यांनी बाटली कानाशी धरून हलवली. "काय माहीत. मी दुकान घेतलं तेव्हा होता."

"मग आता?"

"नुसता पांढरा लावा. बोट नवी आहे म्हणायचं."

*

हा किस्सा मी फारसा कोणाला सांगत नाही, पण बसलोय तर सांगतो.

मॉडेलचं काहीही मागितलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मुलगा कितवीत आहे?" पन्नाशीला टेकलेला माणूस स्वतःसाठी बोट करतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. आम्हाला मूल नाही. पण डिंकाच्या एका ट्यूबसाठी हे सगळं काउंटरवर कुठे सांगत बसायचं? मागे गिऱ्हाइकं उभी असतात. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, "चौथीत." विषय संपला.

संपला कसला! रमेशशेठना बाल्सा आठवत नाही, पण हे पक्कं आठवतं. पुढच्या वर्षी स्वतःच म्हणाले, "पाचवीत गेला असेल." मी मान हलवली. सहावी झाली, सातवी झाली. एकदा त्यांनी त्याच्यासाठी कंपासपेटी दिली. एकदा म्हणाले, "गणितात कच्चा आहे का हो? बोटींचा नाद असणारी मुलं गणितात कच्ची असतात." मी म्हणालो, "बरा आहे."

आणि मग एक दिवस त्यांनी मला डिंक द्यायला चक्क नकार दिला!

"दहावीचं वर्ष आहे ना? बाप आहात का कोण आहात? अभ्यास करू द्या त्याला. परीक्षा झाल्याशिवाय मी तुम्हाला काही देणार नाही."

मी घरी आलो आणि बायकोला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. जहाज तसंच राहिलं.

जूनमध्ये ती वह्या आणायला बाजारात गेली होती, भाचीसाठी. परत आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली. म्हणाली, "रमेशशेठ विचारत होते, दहावीला किती पडले."

"मग?"

"मी सांगितलं, अठ्ठ्याहत्तर."

आणि भात टाकायला आत गेली.

*

विलासला वाटलं, जव्हारचा नाद सोडावा आणि शहरात जावं. नाशिकला मॉडेलांच्या एका काचा लावलेल्या दुकानात तो त्याच्या जीपसाठी टायर आणायला गेला. एसी, आरसे, टाय लावलेला सेल्समन. विलास चपला बाहेर काढून आत गेला. सेल्समन म्हणाला, "सर, चप्पल घाला." तिथेच त्याचा अर्धा जीव गेला.

"स्केल कोणता सर?"

विलासनं दोन्ही हात पुढे करून अंतर दाखवलं. "एवढी."

सेल्समननं एक परदेशी जीप काढून दाखवली. हातात दिली नाही, नुसती दाखवली. विलासनं वाकून पाहिली, खालून पाहिली. म्हणाला, "ही चुकलीय."

"काय चुकलंय सर?"

"मागं पायरी नाय. माणसं उभी कुठं राहणार? टपावर कॅरिअर नाय. कोंबड्या, भाताची पोती कुठं ठेवाल? आणि ड्रायव्हरच्या उजव्या हाताला आणखी एक माणूस बसतो, त्याला जागाच नाय."

"सर, ही ओरिजिनल आहे."

"ओरिजिनल मी रोज चालवतो!"

सेल्समननं जीप कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. टायर मिळाले नाहीत. शेवटी विलासनं स्वतःच्या जुन्या स्लिपरचे गोल कापून टायर लावले. जीप झकास दिसते. फक्त डावीकडं झुकते, कारण ती स्लिपर एका बाजूनं झिजली होती.

*

मग गुरुजींनी बाल्सा ऑनलाइन मागवायचं ठरवलं. मोबाइलवर फोटो, खाली बटण, दुकानदाराचं तोंड बघायला नको. चार दिवसांनी मेसेज आला, 'ग्राहक पत्त्यावर उपलब्ध नव्हता.' गुरुजी तर दिवसभर शाळेच्या ओट्यावर बसून होते! दुसऱ्या दिवशी तोच मेसेज. तिसऱ्याही.

रेंजसाठी गुरुजी पाण्याच्या टाकीवर चढले आणि कस्टमर केअरला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली. गोड बोलत होती.

"सर, जवळची खूण सांगाल का?"

"धबधबा."

"सर, एखादा मॉल, बँक, हॉस्पिटल?"

"त्यातलं काही असतं तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता?"

तिनं बरंच काही तपासलं. मग म्हणाली, "सर, या ठिकाणी आमची सेवा पोचत नाही. तुम्ही पत्ता बदलू शकाल का?"

गुरुजी टाकीवरून ओरडले, "बाई, बदलीसाठी नऊ वर्षं अर्ज करतोय!"

ती म्हणाली, "धन्यवाद सर. आजच्या सेवेबद्दल आम्हाला किती गुण द्याल?"

*

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं. रमेशशेठच्या दुकानात तेव्हा तयार ज्वालामुखी मिळायचा. खोक्यातून काढायचा, पावडर टाकायची, लाल फेस येतो. आम्ही मोजले, हॉलमध्ये अकरा शाळांचे अकरा ज्वालामुखी होते, सगळे तसल्याच खोक्यातले.

गुरुजींच्या शाळेतल्या संगीता नावाच्या सातवीतल्या मुलीनं विमान केलं होतं. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, जुन्या रेडिओतली तार. दोन महिने खपत होती. गुरुजींनी नुसतं सांगितलं, हात लावला नाही. विमान हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि खिडकीच्या गजाला न लागता वळलं. वळलं! गुरुजींचं एकही विमान आजवर वळलेलं नाही.

प्रमुख पाहुणे रमेशशेठ होते. बक्षिसं त्यांच्याच दुकानातून आली होती. त्यांना इतका आनंद झाला की ते माइक घेऊन म्हणाले, "मला सांगायला अभिमान वाटतो, असा सगळा माल आमच्याकडं मिळतो!"

परीक्षकांनी एकमेकांकडं पाहिलं. कागदावर लिहिलं, 'विकत आणलेले.' पहिला नंबर ज्वालामुखीला गेला.

संगीता गुरुजींजवळ आली. रडली वगैरे नाही. विचारलं, "गुरुजी, तोडून दाखवू का? म्हंजी आतल्या काड्या बघतील."

गुरुजी परीक्षकांच्या टेबलाकडं गेले. ते जेवायला उठले होते. गुरुजी परत आले तेव्हा संगीतानं एक पंख उघडून ठेवला होता आणि ती टेबलाशी उभी होती. पंगत उठेपर्यंत उभी होती. कोणी आलं नाही.

त्यानंतर गुरुजींनी विमानं करणं सोडलं. आमच्यात येऊन बसतात, काड्या तासून देतात, पण स्वतःचं करत नाहीत.

*

आणि हे गेल्या वर्षीचं.

बाजाराचा दिवस होता. आम्ही तिघं रमेशशेठच्या दुकानात बसलो होतो. काचेच्या कपाटात मी एका इंजिनिअरसाठी केलेला बंगला होता, सनबोर्डचा, म्हणजे कटरनं कापता येणाऱ्या पांढऱ्या फोमच्या शीटचा. तो न्यायला आलाच नाही म्हणून तिथं ठेवला होता. एक म्हातारी आणि तिची सून बाहेर उभ्या राहून त्याच्याकडं बघत होत्या. बऱ्याच वेळानं आत आल्या. म्हातारीचं नाव पवळीबाई, खोडाळ्याच्या पलीकडच्या पाड्यावरची. कसल्या तरी कागदांवर सह्यांसाठी जव्हारला आली होती.

"अशी बिल्डिंग बनवून देशाल का?" तिनं विचारलं. "आमचे पोऱ्याची."

"मुलाची बिल्डिंग आहे?" रमेशशेठ म्हणाले.

सुनेनं मोबाइल पुढं केला. फोटोत ठाण्याकडची एक उंच इमारत होती, बांबूची परांची, हिरवी जाळी. काशिनाथनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, कामावर गेल्यावर पहिल्या दिवशी काढून पाठवलेला फोटो. भाताची कापणी झाली की तो दरवर्षी जायचा. या वेळी अँब्युलन्समधून परत आला. चौदाव्या मजल्यावरून पडला होता.

"मी ठाण्याला कवा गेली नाय," पवळीबाई म्हणाली. "सगळी सांगतात, लय उंच, लय उंच. उंच म्हंजी किती, मना समजत नाय. आंब्याच्या झाडाहून किती? तं बघायचा हाय."

रमेशशेठनी आपलं स्टूल उचलून तिच्यामागं ठेवलं.

पुढचा आठवडाभर आम्ही तेच केलं. फोटो मोठा करून मजले मोजले, चोवीस भरले. गुरुजींनी माप काढलं, एक मजला अर्धा इंच, इमारत बरोबर एक फूट. विलासनं सगळ्या खिडक्या कापल्या. सनबोर्ड रमेशशेठनी दिला, नवा, न दुमडलेला. कुठून आणला ते सांगितलं नाही.

पुढच्या बाजाराला पवळीबाई आली. इमारत काउंटरवर ठेवली. तिनं खालून वर बोट फिरवत मजले मोजले. चौदाव्याला थांबली.

"यात माणूस कवढा?"

गुरुजींनी काडेपेटीतली एक काडी घेतली आणि तिचा एवढासा तुकडा मोडून तिच्या तळहातावर ठेवला. "एवढा."

"आणि आंब्याचा झाड?"

गुरुजींनी तिसऱ्या-चौथ्या मजल्याशी बोट धरलं. तिनं त्यांच्या बोटाकडं पाहिलं, मग आपल्या बोटाकडं. तो तुकडा तिनं चौदाव्या खिडकीशी धरला. तिथून सावकाश खाली आणला, काउंटरपर्यंत. परत वर नेला. परत खाली आणला. विलास उठून बाहेर जीपपाशी गेला. सून दाराकडं तोंड करून उभी होती.

मग पवळीबाईनं रमेशशेठकडं पाहिलं.

"शेठ, हे वरचं काढता येल का?"

"वरचं म्हणजे?"

"वरचं मजलं. काढून टाका."

मी काही बोलणार होतो. रमेशशेठनी हातानंच मला थांबवलं. ड्रॉवरमधून कटर काढला, पट्टी काढली. इमारत आडवी केली आणि तिच्याकडं वाकून विचारलं, "आई, किती ठेवू?"

तिनं काडीचा तुकडा इमारतीच्या दाराशी उभा धरून पाहिला.

"पडला तं उठून घरी येल, येवढा ठेवा."

रमेशशेठनी पट्टी लावली आणि कापायला सुरुवात केली.