युनिव्हर्सिटीच्या पायरीवर घोंगडीवाली

माझी थोरली जाऊ साखराबाई म्हंजे अख्ख्या अंबड तालुक्यातलं तोंडाळ माणूस, अन् मी गोपिका तिच्या तोंडी सापडलेली. तिचा नवरा लवकर गेला, तरी मेंढरांमागं हिंडून तिनं एकुलत्या एका लेकाला, बिरूला, शिकवलं. तवा आमच्याकडं शिक्षण उर्दूत, अन् पोरगं त्यात इतकं हुशार निघालं की थेट हैदराबादच्या युनिव्हर्सिटीत गेलं. आमच्या धनगरांत असं कुणी गेल्तं का? बिलकुल न्हाई.

पण मंग दोन सुट्ट्या झाल्या, बिरू घरी फिरकला न्हाई. कागद यायचा, अभ्यास हाय. साखराबाई म्हणाली, "गोपिका, पोरगं आपलं राह्यलं का गेलं, एकदा डोळ्यानं पाहू. चल जल्दी." तिनं खांद्यावर चार घोंगड्या टाकल्या, तिच्याच हातच्या सुताच्या. एक लेकाला, तीन वाटखर्चाला. अन् मला ओढत जालन्याच्या स्टेशनावर नेलं.

हैदराबादला युनिव्हर्सिटी पाहून माझे डोळेच फाटले. सगळा खडकाळ माळ, अन् त्यात गुलाबी दगडाची ही एवढी थोरली इमारत! कमानीकडं बघता बघता मान दुखून आली. साखराबाईला त्याचं काही न्हाई. तिनं पदर वर धरून वारं पाहिलं, पाणी कुठं हाय ते विचारलं, पायानं माती उकरली. नव्या माळावर मेंढरं बसवायच्या आधी आम्ही बघतो ना, बराबर तसं. मंग म्हणाली, "जागा कोरडी हाय. लेकराचे खूर सडायचे न्हाईत." मला हसू आवरंना.

दाराशी रखमाजी नावाचा म्हातारा चपराशी होता, आपल्याच मुलखाचा. त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की वीस-बावीस वर्षांमागं युनिव्हर्सिटी निघाली तवा तिला सोताचं घर नव्हतं. शहरात भाड्याच्या घरांत भरायची. ह्या इमारतीत येऊन दोन-तीनच वर्षं झाली.

"म्हंजे हिची बी पालं हिंडतीच होती की!" साखराबाई म्हणाली. "बंगला मिळाल्यावर माझ्या लेकराला घर आठवंना, हे मातर नवंच."

तेवढ्यात घंटा झाली. दोन-तीनशे पोरं बाहेर पडली, सगळी शेरवानीत, सगळ्यांच्या डोक्याला टोपी. ह्यात आपला कोणता हुडकायचा? मेंढरं वळवायची हाळी आमच्यात घरोघर निराळी असती. जाऊबाईनं कानावर हात ठेवला अन् आमच्या घरची हाळी दिली. अगं माय! कमान घुमली. सगळी पोरं खो खो हसली. एकटाच हसला न्हाई, तो जागच्या जागी थांबला.

बिरूच तो. आम्हाला पाहून त्याचं तोंड उतरलं. सोबतच्या दोस्तानं विचारलं, "कौन है जी ये?"

"हमारे गाँव की घोंगडीवाली है," बिरू म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वहाण काढाय वाकले, तर जाऊबाईनं माझा दंड धरला. तिचे डोळे भरल्ते, मी पाहिले ना. पण आवाज असा गोड काढला की विचारू नका.

"हौ साहेब, घोंगडीवालीच हाय मी," म्हणत तिनं पायरीवरच माल पसरला. मोडक्या उर्दूत भाव करून तीन घोंगड्या दोस्तांच्या गळ्यात मारल्या. चौथी उचलून ती बिरूम्होरं उभी राह्यली.

"घ्या साहेब. इथं थंडी लई पडती म्हणं. तुमच्या आईनं बी असंच सूत कातलं असंल. हाय ना आई? का मेली?"

बिरूनं घोंगडीचा काठ बोटांनी चाचपला. दोस्तानं कोपर मारलं, "बोल ना रे, पूछ रही है."

"हाय," तो म्हणाला, अन् सगळ्यांदेखत खाली वाकून त्यानं तिचे धुळीचे पाय धरले. "हीच हाय माझी माय." मंग दोस्तांना कळावं म्हणून रडत रडत उर्दूतबी सांगितलं.

"बरं, मंग पैसे काढ," जाऊबाई म्हणाली.

"माय, माझ्याकून बी?"

"पहिल्या झटक्यात माय म्हणाला असतास तर फुकट होती. आता घोंगडीवालीच्या भावानं घे."

बिरूनं खिसा उलटा केला. जाऊबाईनं दमडी सोडली न्हाई. एका हातानं पैसे कनवटीला लावले, अन् दुसऱ्या हातानं त्याला असं आवळून धरलं की त्याला श्वास घेता येईना.