कापायचंय का जोडायचंय?

"कापायचंय का जोडायचंय?"

दुकानात पाय ठेवला की अक्का आधी हे विचारत. नमस्कार नाही, बसा नाही. नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं स्टीलच्या सळयांचं दुकान होतं आणि त्याच रस्त्यावर माझं लेथचं वर्कशॉप. कपाळावर विभूती, नाकावर घसरलेला चष्मा, आणि उत्तर मिळेपर्यंत गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे रोखून बघत राहायचं. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. विकायला बसलेली, पण विकायची अजिबात घाई नसलेली.

स्टील दिसायला सगळं सारखंच चकचकीत. पण एक जात लेथवर मुकाट्यानं कापली जाते. तिच्यात गंधक घातलेलं असतं, त्यामुळे कीस तुटून तुटून पडतो. दुसरी जात चिवट. तिचा कीस लांबच लांब निघतो, हात कापतो, आणि टूल जरा घुटमळलं की सळई तिथल्या तिथं कडक होऊन बसते. मग सोपीच घ्यावी ना? तर तिला वेल्डिंग सोसत नाही. आच लागली की तेच गंधक सांध्यात चिरा पाडतं. म्हणून अक्कांचा प्रश्न. सोप्या सळईच्या टोकाला त्या पिवळा रंग लावत, चिवट सळईच्या टोकाला पांढरा. वर दम देत, "रंगाकडून कापायचं न्हाई. शेवटचा तुकडा उरला तरी त्याची जात कळली पायजे."

अर्धापूरचा एक केळीवाला एकदा म्हणाला, "कोणती पण द्या, चालतंय."

"कोणती पण म्हणजे कोणतीच न्हाई," अक्का म्हणाल्या आणि त्याच्यासाठी चहा मागवला. त्यानं चहा पिता पिता घरी फोन लावला, काय बनवायचंय ते नीट विचारून घेतलं, तेव्हा कुठं त्याला सळई मिळाली. मी तर रोजचा. टूलं झिजवून वैतागलो की म्हणायचो, "अक्का, द्या की सोपी. कोण बघतंय?"

"वेल्डिंग बघतंय," त्या म्हणायच्या.

मग ते मेसचं काम आलं. शिकवणीला आलेली पोरं जिथं जेवतात तशी एक मेस. वरणाचा भला मोठा कुकर, त्याचं झाकण बोल्टांनी आवळायचं. जुने बोल्ट झिजले होते. नव्या बोल्टाला एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला वेल्डिंग करून जोडलेली कडी. म्हणजे चिवटच हवी. मी पांढऱ्या टोकाची सळई आणली. आटे असे सुरेख पडले की मी माझ्या नव्या टूलला शाबासकी दिली. कड्या जोडल्या आणि संध्याकाळी बसवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का काही कामानं माझ्याकडे आल्या. चपलेखाली कीस करकरला. त्या वाकल्या, चिमूटभर उचलला, बोटांत चोळला.

"ह्यो कशाचा?"

"तुमच्या पांढऱ्याचा. मेसच्या कुकरचे बोल्ट केले."

"पांढऱ्याचा असा तुटत न्हाई रे." त्यांनी आणखी थोडा उचलला. सगळा तुटका. "जोडलास का?"

"जोडला. काल बसवला पण."

मी मेसवाल्याला फोन लावला तर नुसता वाजत राहिला. ऐन स्वयंपाकाच्या घाईत कोण उचलतंय? मी मोटरसायकल काढली. एरवी मागं बसल्या की "हळू रे बाबा, हळू" म्हणणारी ही बाई, माझा खांदा धरून म्हणाली, "जोरात हाण."

पोचलो तेव्हा कुकर चांगला फुसफुसत होता. ताटं घेऊन पोरं कट्ट्यापर्यंत आली होती. आचारी झाकणावर वाकून एक बोल्ट अजून आवळत होता. मी उंबऱ्यातच थांबलो. अक्का मात्र सरळ आत गेल्या.

"पाना ठेव. शेगडी बंद कर अन् बाहेर चल."

मेसवाला मध्ये आला. "अक्का, पोरं उपाशी हायेत."

"उपाशी राहू दे. जिती राहू दे."

सगळ्यांना बाहेर काढलं. दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून अक्का पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि वाफ पुरती बसेपर्यंत कुणाला आत जाऊ दिलं नाही. पोरं कुरकुरत होती. मी आतल्या फुसफुशीकडे कान लावून होतो. आवाज वाढला की कमी झाला, तेही कळेना. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही.

कुकर गार झाल्यावर बोल्ट सोडले. कड्यांच्या गळ्याशी, वेल्डिंगच्या सांध्यावर, अक्कांनी अंगठ्याचं नख फिरवलं. एका ठिकाणी नख अडकलं. केसाएवढी चीर, निम्म्या गळ्याला वेढा घालून बसलेली.

"चूक माझी हाय," अक्का मेसवाल्याला म्हणाल्या, सगळ्या पोरांसमोर. "नव्या मालाला रंग मी लावला."

दुकानात आलो. त्यांनी रंगाचे दोन्ही डबे माझ्यापुढे ठेवले आणि विचारलं, "ह्यातला पांढरा कोणता?" मी दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मोतीबिंदूनं त्यांना दोन्ही डबे सारखेच पिवळट दिसत होते, आणि हे त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं.

ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, दुकान पुन्हा सुरू झालं. पण नवा माल आला की टोकाचा तुकडा आधी माझ्या लेथवर यायचा. कीस बघितल्याशिवाय अक्का रंगाचा डबा उघडत नसत. तो चिरलेला बोल्ट त्यांनी गल्ल्याच्या वर, बसवेश्वरांच्या तसबिरीखाली टांगला. कुणी विचारलं तर सांगत, "माझी चूक हाय ती."

गेल्या उन्हाळ्यात लातूरला, लेकीच्या घरी असताना अक्का वारल्या. आता दुकानावर मुलगा बसतो. चांगला आहे, माल जातीच्या छापील चिठ्ठीसकट देतो. "किती फूट?" विचारतो. बोल्ट त्यानं उतरवून ठेवला होता, तो मी मागून आणला.

आता तो माझ्या लेथशेजारी खिळ्याला आहे. कुणी म्हणालं की सोपं स्टील लावा अन् लवकर द्या, तर मी बोल्ट त्याच्या हातात देतो आणि गळ्याशी नख फिरवायला सांगतो. नख अडकलं की तो माझ्याकडे बघतो. मला मेसच्या दाराला दोन्ही हात लावून उभी राहिलेली अक्कांची पाठ दिसते.