घड्याळाची गुळगुळीत पाठ

प्रणालीने घड्याळ माझ्या काउंटरवर पालथं ठेवलं. पाठ आरशासारखी चमकत होती. छतावरचा पंखा तिच्यात फिरताना दिसत होता.

"बघा काकू, तुमच्या यादीत आहे तशी कोरी केली," ती म्हणाली. पण आवाजात आनंद नव्हता. "तुम्ही चिठ्ठीवर 'उत्तम' लिहून द्याल ना? आजच पाहिजे."

ईरा, निनाद, आजी या वयात दुकानात नेमकं काय करते, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. त्याचं उत्तर म्हणून या एका घड्याळाची हकीकत लिहिते. यात आजीची चूक आहे, म्हणून नीट वाचा.

मी लग्न होऊन यवतमाळला आले तेव्हा इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि घड्याळातलं मला काही कळत नव्हतं. तुमच्या आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. पुढे क्वार्ट्झ घड्याळं आली. क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक. त्याचा एक बारीक तुकडा सेलच्या विजेवर ठरावीक वेगाने थरथरतो आणि त्या थरथरीवर काटे चालतात. रोज चावी द्यावी लागत नाही. या घड्याळांची माहितीपुस्तकं इंग्रजीत असत. मी ती वाचून दाखवू लागले. मग स्वतः घड्याळं उघडू लागले. हळूहळू क्वार्ट्झ हे माझं खातं झालं. पाठीवर नावं कोरणं आजोबांचं. रजिस्टर माझं.

आता दुरुस्ती थोडीच उरली आहे. पण रविवारी सकाळी पाच-सहा जण येतात. त्यांना नुकताच जुनी घड्याळं जमवायचा छंद लागला आहे. कुठलं घड्याळ ठेवण्यासारखं आहे ते मी तपासून सांगते आणि चिठ्ठी लिहून देते. त्यांच्यासाठी मी आठ नियमांचा एक कागद तयार केला होता. इंग्रजी मासिकांतून वाचलेले नियम, सुवाच्य अक्षरात लिहिलेले. सहावा नियम होता, 'पाठीवर नाव किंवा भेटीचा मजकूर कोरलेला नसावा. कोरी पाठ उत्तम.'

प्रणाली त्या पाच-सहांपैकी एक. घाटंजीला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे.

मी डोळ्याला आयग्लास, म्हणजे घड्याळजीचं भिंग, लावला आणि नेहमीच्या क्रमाने सुरुवात केली. घड्याळ देखणं होतं. उभट, आयताकृती, सोनेरी, दोन नाण्यांच्या जाडीचं. पांढरी डायल, बारीक काळे रोमन आकडे, सेकंदकाटा नाहीच. लग्नसमारंभात कोटाच्या बाहीखालून जेमतेम दिसावं, अशासाठी बनवलेलं.

चौकोनी घड्याळात आधी चार कोपरे पाहायचे. सोन्याचा मुलामा तिथे पहिल्यांदा उडतो आणि खालचं पितळ दिसतं. इथे चारही कोपरे शाबूत होते. मग काच. गोल काच मापाने मिळते, चौकोनी काच घासून बसवावी लागते, म्हणून बदललेली असली की कडेला फट दिसते. इथे फट नव्हती. पाठीचे चार बारीक स्क्रू काढले. आत सेल गळलेला नव्हता. मीटर लावून कॉइल तपासली, ठीक होती. नवा सेल घातल्याबरोबर मिनिटकाटा हलला.

"मग उत्तम ना?" प्रणालीने विचारलं.

"पाठ कोणी पॉलिश केली?"

"आमच्याकडच्या सोनाराने. मशीनवर." तिने पाठीवरून बोट फिरवलं. "मामाजींचं, माझ्या सासऱ्यांचं, नाव होतं तिथे. तुमचा सहावा नियम आहे ना, म्हणून काढून टाकलं."

"सासूबाईंना विचारलं होतंस?"

"घड्याळ त्यांनीच दिलं होतं मला. जपून ठेव म्हणाल्या होत्या. नावाचं काही विचारलं नाही मी." तिने दाराकडे पाहिलं. "परवा त्यांना दाखवलं. तेव्हापासून बोलत नाहीत. धड जेवत नाहीत. तुमची चिठ्ठी पाहून तरी पटेल, म्हणून सोबत आणलंय. बाहेर बसल्यात."

बाहेरच्या बाकावर तिच्या सासूबाई, शांताबाई, बसल्या होत्या. साठीच्या आसपासच्या. मी त्यांना आत बोलावलं. त्या आल्या, खुर्चीवर न बसता उभ्याच राहिल्या.

"बाई, तुमीच लिवलं का त्या कागदावर, का नाव नसावं म्हणून?"

"हो, मीच."

"काहून?"

या प्रश्नाला माझ्याकडे इंग्रजी मासिकातलं उत्तर होतं. नाव कोरलेलं असलं की किंमत उतरते. ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

शांताबाई म्हणाल्या, "मले वाचता येत नाही. पण लग्नात माह्या बापानं दिली होती ही घडी आमच्या मालकाले. ते गेल्यावर रोज कपाट उघडलं का अंगठा फिरवत होती मी. तीन ओळी होत्या. आता हात फिरवला तं ताटावानी गुळगुळीत. मले माह्या ओळी पाहिजे."

"आई, काकू काय जादू करणार आहेत का?" प्रणाली म्हणाली.

"मंग तू कायले आणलं मले इथं? चिठ्ठी वाचाले?"

मी पाठीची आतली बाजू आयग्लासखाली धरली. कोपऱ्यात सुईने ओरखडलेला एक आकडा होता. नाव कोरायला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या आत आम्ही रजिस्टरचा क्रमांक ओरखडत असू. अक्षर माझंच होतं.

मी मागच्या खोलीतून रजिस्टर काढलं. कोरून झालं की पाठीवर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासायची, असा माझा नियम होता. अक्षरं पांढरी उमटत. खाली गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा. नंतर भांडण नको. तो क्रमांक सापडला. करड्या पट्टीत तीन पांढऱ्या ओळी होत्या. 'मंगल परिणय', 'चि. देवानंद यांस', 'सप्रेम भेट'. वळणदार हात आजोबांचा.

शांताबाईंनी कागदावर अंगठा फिरवला. "हे नाही लागत हाताले," त्या म्हणाल्या.

"लागेल. मला एक आठवडा द्या."

बोलून गेले, आणि मग जाडी मोजायला मायक्रोमीटर लावला. माझ्या ड्रॉवरमध्ये याच मॉडेलची एक न वापरलेली पाठ होती. तिच्याशी ताडून पाहिलं. सोनाराच्या मशीनने बराच पत्रा खाल्ला होता. इतक्या पातळ पाठीवर जोर देऊन कोरलं तर ती आत दबणार आणि सेलला टेकणार. घड्याळ बंद.

"त्यापेक्षा या नव्या पाठीवर कोरून देते," मी म्हटलं. "दिसायला अगदी तशीच."

"नवा पत्रा मले नाही पाहिजे. माह्या बापाच्या घडीचा पाहिजे."

त्यांचं बरोबर होतं. मी नवी पाठ परत ड्रॉवरमध्ये टाकली.

त्याच वेळी आमच्या गटातले निवृत्त मुख्याध्यापक आले. त्यांना सगळे सर म्हणतात. माझा कागद त्यांना तोंडपाठ आहे.

"मॅडम, पॉलिश केलेली पाठ आणि वर पुन्हा कोरकाम? तुमच्याच नियमाने हे घड्याळ नापास."

"नियम चुकला आहे, सर."

"मग मी दोन घड्याळं त्या नियमावर नाकारली, त्यांचं काय?"

"ती परत मिळतात का बघा. मी आता कामात आहे."

काम खरंच अवघड होतं. कोरणं मी आजोबांकडून शिकले होते, पण त्यांच्यासमोर क्वचितच केलं. आणि पाठ स्टीलची, स्टील कडक असतं. सोमवारी सकाळी मी कोरणी काढून धार लावली. कोरणी म्हणजे बोटभर लांबीची टोकदार सळई, लाकडी मुठीत बसवलेली. ती नवी पाठ मी सरावाला घेतली. पहिला 'म' घसरला. दुसराही. दुपारपर्यंत त्या पाठीवर रेघोट्यांचं जाळं झालं आणि माझं मनगट सुजलं. दुपारी थांबले. मंगळवारी पुन्हा बसले. बुधवारी ओळ सरळ आली.

पाठ दबू नये म्हणून सोनारांचीच युक्ती वापरली. आतल्या खोलगट बाजूत लाख वितळवून भरली. ती थंड झाली की दगडासारखी होते आणि पत्र्याला खालून आधार देते. काम झालं की गरम करून काढून टाकायची. आतला आकडा तसाच राहतो.

पण उथळ कोरलेलं अंगठ्याला लागणार कसं? खोल जाता येत नव्हतं. दोन दिवस मी यावरच अडले होते. कोरताना धातूची बारीक कड वर उचलली जाते, कणकेवर नख ओढलं की बाजूला उठते तशी. ती खरखरते, म्हणून आम्ही शेवटी घासून काढतो. कड काढणं ही कामाची सफाई. आजोबा त्याबाबतीत फार कडक होते. मी ठरवलं, या वेळी कड ठेवायची. फक्त टोचणार नाही इतकी बोथट करायची. गुरुवारी आणि शुक्रवारी मिळून तीन ओळी झाल्या. रजिस्टरमधल्या कागदावरून, अक्षरागणिक.

रविवारी दोघी आल्या. सरही होते. मी घड्याळ शांताबाईंच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. पहिली ओळ. दुसरी. प्रणाली त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिसऱ्या ओळीच्या शेवटी अंगठा थांबला. मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथं काहीतरी होतं," त्या म्हणाल्या.

"काय होतं, आई?" प्रणालीने घाबरून विचारलं.

"शेवटाले. एक खरखर. बारीकशी. थे नाही हाय."

मी रजिस्टर उघडलं. 'भेट'च्या पुढे एक पांढरा ठिपका होता, तिरक्या शेपटीचा. तो मला आठवडाभर दिसत होता. आजोबांची कोरणी शेवटी घसरली होती. एवढा सफाईदार माणूस, आणि त्याच्या हातून झालेली ही घसर. मी ती मुद्दामच वगळली होती.

"ती माझ्या मालकांची चूक होती, शांताबाई. हात घसरला होता त्यांचा. मी दुरुस्त केली."

"चूक असन," त्या म्हणाल्या. "पण माह्याच घडीवरची होती ना?"

मी घड्याळ परत घेतलं.

पाठ काढली, पुन्हा लाख भरली. आजोबांची चूक जशीच्या तशी करणं हे तीन ओळींपेक्षा अवघड निघालं. घसरलेला हात मुद्दाम घसरवता येत नाही. सरावाच्या पाठीवर मी तो ठिपका बऱ्याच वेळा करून पाहिला. मग खऱ्या पाठीवर एकदाच.

शांताबाईंनी पुन्हा अंगठा फिरवला. शेवटी पोचल्यावर तो तिथेच राहिला. मग त्यांनी घड्याळ प्रणालीकडे दिलं.

"घे. ठेव तुह्या घड्यांच्या डब्यात. फक्त मी मांगतली का देत जाय." आणि दाराकडे जाता जाता, "चाल, भूक लागली मले. इथं काय मिळते खायाले?"

प्रणाली हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. चिठ्ठी न्यायला विसरली, मला मागून हाक मारावी लागली. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं: 'मुलामा, डायल, काच, मशीन मूळचं. पाठ मूळची, पॉलिशने पातळ झालेली. मजकूर पुन्हा कोरलेला. कारण: तपासणाऱ्याचा चुकीचा सल्ला.' खाली सही केली.

सरांनी ती वाचली. "हे असं लिहून देता, मॅडम? उद्या तुमच्याकडे कोण येईल?"

"ज्यांना खरं पाहिजे ते."

नियमांचा कागद मी नव्याने लिहिला आहे. सहावा नियम काढून टाकला. पहिला नवा घातला, 'घड्याळ कोणाचं आहे ते आधी विचारा. मगच हात लावा.' सर म्हणतात, हा नियम संग्रहाचा नाही, घरातला आहे. असेल. पण बाकीचे सात पाळूनही चूक होऊ शकते, हे मला या वयात कळलं.

ईरा, तुझ्याकडे आजोबांचं जे घड्याळ आहे, त्याच्या पट्ट्याजवळ एक ओरखडा आहे. तो पॉलिश करून घेऊ का, असं तू मागे विचारलं होतंस आणि मी हो म्हटलं होतं. घेऊ नकोस.