विहीणबाईंची सोनेरी रीळ

साल १९८३. माझं वय तेव्हा त्रेसष्ट. शाळा दुसरीपर्यंत, पण माझ्या मशीनवरची गोधडी उसवली असं सांगणारा माणूस सावर्ड्याच्या बाजारात अजून निघालेला नाही.

लेकीला मुलगा झाला. बारशाचं दुपटं आजोळचं, म्हणजे माझं काम. तर चिपळुणाहून विहीणबाईंनी जरीच्या दोऱ्याची रीळ पाठवली, आणि जावयाच्या तोंडी निरोप: "शिवण ह्या दोऱ्याची घाला. तुमच्या जुन्या मशीनला झेपलं नाही तर आमचा शिंपी आहे." जावई निरोप सांगून चहा न घेताच पळाला. शहाणा माणूस.

नातवाचं पहिलं दुपटं परक्या शिंप्याने शिवायचं, मग मी आजा कसला?

बायकोच्या मऊ लुगड्याचे तीन पदर एकावर एक घातले, जरीचा दोरा ओवला, पायडल मारलं. वीतभर शिवण झाली आणि दोरा तुटला. परत ओवला, परत तुटला. वरची जर सोलून सुईपाशी तिचा गुंता व्हायचा, आतला दोरा नागडा.

दुकानापुढे सल्लागार जमले. सुई ज्यांनी जन्मात फक्त पायातला काटा काढायला धरली, ते सगळे. हॉटेलवाला म्हणाला, "तेल सोडा." पेन्शनर गुरुजींनी दमट हवेला दोष दिला. मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या संपामुळे गावी येऊन बसलेला गिरणीवाला म्हणाला, "काका, आमच्या गिरणीत दोरा तुटत नाय."

"गिरणीच बंद हाय, तुटंल कुठून?" मी म्हटलं.

दोऱ्याचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू सैल करा, असं कुणी बोललं नाही. मशीन घेतलं तेव्हा तो मी लावला आणि नंतर कधी हात लावला नाही, हे मी बाजारभर सांगून ठेवलं होतं.

दुपारी बायको भाकरी घेऊन आली. "स्क्रू सैल करा."

"त्याला हात लागायचा नाय."

"मग जाऊदे दुपटं चिपळुणात."

हे लागलं. हात घातला, तर स्क्रू हलेना. पक्कड लावली तरी हलेना.

बायको वाकून बघत म्हणाली, "दर दसऱ्याला कुंकू कुठं लावताव?"

त्या स्क्रूवरच लावत होतो. मशीनचं कपाळ मला तेच वाटायचं. तेलात कालवलेलं ते सगळं कुंकू स्क्रूमागच्या, दोरा दाबून धरणाऱ्या चकत्यांत बसून जांभा दगड झालं होतं. दोरा त्यातून खरवडत येत होता. तरी सांगतो, स्क्रू अडकला तो बरोबर जागी अडकला, नाहीतर इतक्या गोधड्या शिवून झाल्या असत्या का?

रॉकेलने चकत्या धुतल्या. स्क्रू सैल केला, मोठ्या नेढ्याची सुई घातली, पायडल सावकाश मारलं. जरीचा दोरा असा धावला की गिरणीवालासुद्धा पुढे सरकून टाके मोजायला लागला. हॉटेलवाला तेवढा म्हणाला, "मी तेलाचं बोललोच होतो." संध्याकाळी दुपटं पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मशीनला कुंकू लावलं. ह्या खेपेला लाकडी फळीला. मग पहिल्या एसटीने चिपळूण गाठलं, दुपटं नातवावर घातलं आणि उरलेली रीळ विहीणबाईंच्या हातात दिली. म्हटलं, "तुमच्या शिंप्याला द्या. अडला तर म्हणावं, सावर्ड्याला ये."